कला, शासन आणि आपल्या जत्रेची वही
(मंडळाच्या आळेफाटा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



“तुम्ही नेमके काय काम करता, ते एकदा सर्वांना सांगा,” असा मंडळाच्या चिटणीसांनी आग्रह धरला, म्हणून मी आपणांपुढे उभी आहे. डॉक्टर, वकील, शिक्षक, बागाईतदार यांचा व्यवसाय एका शब्दात सांगता येतो. “कला आणि सांस्कृतिक धोरण या विषयाची संशोधक” असे म्हटले, की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि विचारतो, “म्हणजे आपण गाता, की नाचता?” मी गात नाही आणि नाचतही नाही. जे गातात व नाचतात त्यांचे पोट कशावर चालते, शासन आणि समाज त्यांच्यासाठी काय करतात, आणि जे करतात ते त्यांच्यापर्यंत पोहोचते की नाही, हे तपासणे हे माझे काम होय.

हे काम मुंबईच्या कचेऱ्यांत बसून करावयाचे असते, अशी माझीही प्रारंभी समजूत होती. धोरणाचे कागद तेथेच असतात, हे खरे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठल्यावर, १९५४ साली, प्रयोगांच्या संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ आले. त्याच सुमारास वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजनाही सुरू झाली. म्हणजे एका हाताने कात्री आणि दुसऱ्या हाताने मदत, अशी आपल्या कलाधोरणाची सुरुवात आहे. पुढे १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. २०१० साली राज्याचे सांस्कृतिक धोरण जाहीर झाले आणि २०२४ साली नवे धोरण मंजूर झाले. हे सारे कागद मी वाचले. तथापि या कागदांत न सापडणारी एक गोष्ट मला येथून थोड्याच अंतरावर, पुण्याच्या वाटेवर असलेल्या नारायणगावात सापडली.

नारायणगावास ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात, हे आपणांस ठाऊकच आहे. जत्रांचा हंगाम जवळ आला, की तेथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रेचे पंच येतात, तारीख ठरते, रकमेची घासाघीस होते आणि इसार देऊन सुपारी पक्की होते. मी त्या राहुटीत प्रथम जाऊन बसले, तेव्हा आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, “शिकलेल्या मुलीने तमाशाच्या राहुटीत बसावयाचे?” मी म्हणाले, “काका, तेथे मला आपलीच माणसे भेटतात. सुपारी द्यावयास तीच आलेली असतात.” त्यावर ते काही बोलले नाहीत.

बंधूंनो, माझे मुख्य म्हणणे हेच आहे. सांस्कृतिक धोरण मंत्रिमंडळ ठरविते तसे ते गावची जत्रा समितीही ठरविते. वर्गणीपैकी कलेसाठी किती ठेवावयाचे, कोणता फड बोलवावयाचा, ठरलेले पैसे त्याच रात्री द्यावयाचे की फडाला ताटकळत ठेवावयाचे, हे निर्णय राज्यभर शेकडो गावे दरवर्षी घेतात. त्यांवर जितकी बिऱ्हाडे चालतात, तितकी शासनाच्या अनुदानावर चालत नाहीत.

फडाचा खर्च का भागत नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले, की कारखान्यात यंत्र आले म्हणजे एका माणसाचे काम वाढते, परंतु रंगभूमीवर तसे होत नाही. शंभर वर्षांपूर्वी एका वगास जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. ढोलकीवाल्याला दुप्पट वेगाने वाजवून खर्च निम्म्यावर आणता येत नाही. मात्र त्याला लागणारे धान्य, गाडीचे डिझेल आणि मुलांची फी सर्वांच्याबरोबर महाग होत जाते. त्यात २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे जत्रा बंद राहिल्या आणि फड कर्जात बुडाले. यास्तव कलावंताची हलाखी ही नेहमीच त्याच्या उधळेपणाची कहाणी नसते.

विठाबाई नारायणगावकर यांचे नाव आपण सर्व अभिमानाने घेतो. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडात वाढलेल्या या कलावतीस १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. तरीही त्यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली आणि २००२ साली त्यांचे निधन झाले. २००६ पासून त्यांच्या नावाने शासनाचा पुरस्कार दिला जातो. एवढ्या कीर्तीच्या स्त्रीची ही स्थिती, तर जिचे नाव जाहिरातीवरही छापले गेले नाही तिचे काय होत असेल?

अशाच एका वृद्ध बाईंची हकीकत सांगते. त्यांनी उभे आयुष्य फडात काढले. मानधनाची रक्कम २०२४ पासून, पूर्वीच्या अ, ब, क या श्रेणी मोडून, सरसकट दरमहा ५,००० रुपये झाली. बाईंनी अर्ज करावयाचे ठरविले. पण इतकी वर्षे कला केली याला पुरावा काय? आम्ही गावोगाव विचारीत फिरलो. एका गावी, आपल्याच ज्ञातीतील एका घरात, आजोबांच्या पेटीत जत्रेच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. तारखा होत्या, सुपारीचा आकडा होता, फडमालकाचे नाव होते. बाईंचे नाव नव्हते. वह्यांच्या तळाशी मात्र एक पिवळी पडलेली हस्तपत्रिका मिळाली आणि तिच्यावर, चौथ्या ओळीत, बाईंचे नाव होते. वाचता येत नसल्यामुळे बाईंनी त्या नावावर नुसते बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. तो कागद आम्ही अर्जास जोडला. निकाल अद्यापि लागावयाचा आहे. वह्या त्याच महिन्यात रद्दीत जावयाच्या होत्या, असे घरच्या सूनबाईंनी मागाहून सांगितले.

संशोधन म्हणतात ते पुष्कळदा एवढेच असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणारणीचे व तिच्या गावाचे नाव टिपून ठेवले. नाव लिहून ठेवणे हे लहान काम नव्हे. ज्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही, त्याच्यासाठी शासनाला धोरण करता येत नाही, आणि केले तरी ते त्याच्या दारी पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलते. मंडळी रागावणार नाहीत, अशी आशा आहे. ज्या समाजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांतील माणसांनी ही कला जगविली. आपण पुढच्या रांगेत बसून तिचा आनंद लुटला आणि घरी आल्यावर ती आपली नव्हे, असे म्हटले. आपल्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची आणि देणगीदारांची नावे असतात, ते योग्यच आहे. परंतु आपल्या जत्रा ज्यांनी रंगविल्या, त्यांचा उल्लेख मला जुन्या अंकांत आढळला नाही. येथून जवळच आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. ज्या भूमीने मुक्या जनावराचीही आठवण बांधून ठेवली, तिने माणसांची आठवण रद्दीत घालावी, हे आपणांस शोभत नाही.

म्हणून माझी तीन मागणी आहेत. घरातील जत्रेच्या वह्या, पावत्या, हस्तपत्रिका मंडळाकडे आणून द्याव्या. मंडळाने त्यांची एक पेटी करावी. जे बांधव जत्रा समितीत आहेत, त्यांनी यंदापासून वहीत फडाबरोबर प्रत्येक कलावंताचे नाव लिहावे आणि ठरलेली रक्कम त्याच रात्री चुकती करावी. आणि आपल्या मुलामुलींपैकी कोणास या विषयाच्या अभ्यासाची आवड असेल, तर “यात काय मिळणार?” असे विचारून तिला परतवू नये. द्रव्य बेताचेच मिळते, हे मी प्रांजळपणे सांगते. परंतु त्या बाईंचे बोट आपल्या नावावर टेकलेले मी पाहिले आहे, आणि मला या व्यवसायाचा पश्चात्ताप नाही.