जखमी टर्कीची घरची सेवा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



मी गिरणीतला कामगार. डॉक्टर नाही, की पंडित नाही. तेव्हा मोठाल्या गोष्टी न करता एका टर्की कोंबडीची हकीकत सांगतो.

आमच्या वस्तीतल्या एका विधवा बाईंनी चार टर्की माद्या पाळल्या. हा पक्षी मूळ अमेरिकेतला, मेक्सिकोत माणसाळला आणि फिरत फिरत आपल्या अंगणात आला. एका रात्री कुत्र्याने एका मादीची मांडी फाडली. सकाळी जो तो म्हणे, "कापा आणि मोकळ्या व्हा." पण बाईंचा मीठमिरचीचा खर्च त्या अंड्यांवर चालायचा. त्या म्हणाल्या, "आधी बघू तर द्या!"

पहिल्याप्रथम तिला बाकीच्या तिघींपासून वेगळे काढले. कारण कळपात रक्त दिसले की जातभाईच त्या जागी चोची मारतात. दुबळ्याला टोचायची खोड पाखरांतही आहे! मग अंगावर चादर टाकून, पंख मिटवून उचलले. छाती आवळायची नाही. पाखराला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छाती हलली तरच श्वास चालतो.

स्वच्छ फडके दाबून धरले, रक्त थांबले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुतली. चुना, राख, तंबाखू कुणाला भरू दिली नाही. लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरांनी टाके घातले, औषध दिले आणि बजावले, "मी सांगेन तितके दिवस हिची अंडी खायची नाहीत, विकायचीही नाहीत."

घरी कोपऱ्यात गोणपाटावर जाड भुसा पसरला. ऊब, अंधार आणि शांतता, हे निम्मे औषध. आपल्याकडे चोच उघडून पाणी ओततात. मायेने ओततात, पण त्यानेच पाखरू दगावते. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी थेट फुप्फुसात जाते. म्हणून वाटी चोचीपुढे ठेवायची. पाखरू आपले आपण पिते.

बसून बसून छातीला फोड येतात, म्हणून बाई दिवसातून चारदा तिची कूस बदलत. माशी बसून अळ्या पडू नयेत म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा. तरी ती खाईना. टर्की कळपातला पक्षी, एकटा पडला की खचतो. तिसऱ्या दिवशी जाळीपलीकडे मैत्रिणी दिसतील अशी ठेवली, तेव्हा कुठे तिने दाणे टिपले. शेजारच्या कोंबड्यांत मात्र सोडली नाही. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांमार्फत टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग जडतो. कोंबडी तो बहुधा सोसते, टर्की मरते.

बाराव्या दिवशी ती उभी राहिली. जखम पुरती भरल्यावर कळपात गेली. जरा लंगडते, पण अंडी देते.

बंधूंनो, त्या सकाळी हळहळले सगळेच. पाखरू जगले ते धुणाऱ्या, कूस बदलणाऱ्या हातांमुळे. तेव्हा करुणा आली की हाताला काम द्या, आणि त्या हाताला आधी माहिती द्या. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!