प्राध्यापक कार्ल सॉअर

आगगाडीच्या खिडकींतून बाहेर पाहिलें तर शेतें, बांध, पाऊलवाटा आणि वस्त्या नजरेसमोरून सरकत जातात. हें दृश्य निसर्गानें घडविलें कीं माणसानें? या साध्या प्रश्नाच्या शोधांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, ते भूगोलाचे प्राध्यापक कार्ल सॉअर होत.

१८८९ सालीं अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, वॉरंटन या गांवीं, जर्मन वंशाच्या कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. १९१५ सालीं त्यांनीं शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. माणसाचा स्वभाव व उद्योग हवामानच ठरवितें, असें मानणारा भूगोल त्या काळीं तेथें प्रतिष्ठित होता. सॉअर यांना तो पटेना. मिशिगन विद्यापीठांत शिकवीत असतां त्यांनीं अरण्यें तोडून ओसाड झालेल्या जमिनी पाहिल्या. ती ओसाडी हवामानानें नव्हे, माणसाच्या कुऱ्हाडीनें आणिली होती.

१९२३ सालीं ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत गेले आणि १९५७ सालीं तेथूनच निवृत्त झाले. निसर्ग साहित्य पुरवितो, पण भूमीला रूप देते ती संस्कृति, हा विचार त्यांनीं १९२५ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत मांडला. पुढें मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनीं तेथील शेती, पिकें व जुन्या वस्त्या अभ्यासिल्या.

म्हणूनच १९४१ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानानें मेक्सिकोच्या शेतीसुधारणेविषयीं त्यांचें मत मागितलें. अमेरिकेंतील मोजके वाण तेथें रूढ केल्यास गरीब शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें विविध बियाणें आणि त्यासह त्यांची जीवनरीति धोक्यांत येईल, असा स्पष्ट इशारा सॉअर यांनीं दिला. तरीहि १९४३ सालीं कार्य सुरू झालें. गव्हाचें उत्पादन वाढलें. तेथील ठेंगण्या गव्हाचें बियाणें १९६६ सालीं मोठ्या प्रमाणावर भारतांत आलें व टंचाईच्या दिवसांत उपयोगी पडलें. हा लाभ नाकारतां येत नाहीं. परंतु मागें पडलेल्या देशी वाणांचें बीं आज बीजपेढ्यांतून जपावें लागतें, हेंहि तितकेंच खरें.

सॉअर यांचे सर्वच तर्क टिकले नाहींत. शेतीचा उगम आग्नेय आशियांत झाला असावा, या १९५२ सालच्या ग्रंथांतील त्यांच्या अनुमानाला पुढील उत्खननांनीं दुजोरा दिला नाहीं. १९७५ सालीं ते निवर्तले. अनुमान चुकलें, तरी त्यांची दृष्टि चुकली नाहीं. शेतकऱ्याला शिकवावयास जाणाऱ्यानें आधीं त्याचें शेत वाचावें, ही त्यांच्या आयुष्याची शिकवण विद्वानांनीं विसरूं नये.