आज काय आलंय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इतकी वर्षं जपानमध्ये आहेस, तिथलं काहीतरी सांग." तिथली शिस्त, स्वच्छता, वेळेवर धावणाऱ्या गाड्या, हे सगळं तुम्ही अनेकदा ऐकलं असेल. म्हणून मी एक साधी गोष्ट सांगणार आहे. नव्या शहरात गेल्यावर चांगलं सुशीचं दुकान कसं शोधायचं? हसू नका. या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी आपल्या गावातच सापडलं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. मासा त्याच्या जोडीला येतो. पूर्वी तिथे मासा टिकवण्यासाठी भातात महिनोन्महिने आंबवून ठेवत. हातावर भाताचा लहान मुटका करून त्यावर मासा ठेवायची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रुळली. तेव्हा ते रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळणारं झटपट खाणं होतं. आपल्या वडापावासारखं म्हणा ना.

टोकियोत बरीच वर्षं काढल्यावर २०१६ साली माझी बदली कानाझावाला झाली. हे शहर जपानच्या दुसऱ्या बाजूला, पश्चिमेच्या समुद्राकडे आहे. तिथे ओमिचो नावाचा सुमारे ३०० वर्षांचा जुना बाजार आहे. मासळीसाठी शहराचं नाव मोठं. २०१५ च्या मार्चमध्ये टोकियोहून तिथपर्यंत शिनकानसेन सुरू झाली आणि अडीच तासांत पोचता येऊ लागल्यामुळे पर्यटकांची रीघ लागली होती.

पहिल्याच रविवारी मी सगळ्यात लांब रांग असलेलं दुकान निवडलं. दारावर नोदोगुरो या महागड्या माशाचे मोठे फोटो होते. तासभर उभा राहिलो. आत गेलो तर भात गार, घट्ट दाबलेला, आणि मासा नुसताच जाड. वीस मिनिटांत बाहेर. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, पण त्या रात्री खोलीवर परतल्यावर फार एकटं वाटलं. ज्या शहरात आपलं जेवायचं ठिकाण नाही, ते शहर आपलं नसतं. गाव सोडून नोकरीला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

मग विचार केला, आपल्याकडे बाहेरून आलेला माणूस चांगली मासळी कशी शोधतो? तो पाट्या वाचत नाही, विचारतो. "आज काय आलंय?"

मीही तेच करायचं ठरवलं. ओमिचोत एका मासळीवाल्याकडून दोन-तीन आठवडे घरी नेण्यापुरते मासे घेतले. चेहऱ्याची ओळख झाल्यावर विचारलं, "तुम्ही स्वतः सुशी खायला कुठे जाता?" चांगलं दुकान कुठलं, असं विचारलं नाही. त्याचं उत्तर पर्यटकाला मिळतं ते वेगळंच असतं. त्याने बाजारापासून पंधरा मिनिटांवरची एक गल्ली सांगितली. आठ माणसं बसतील एवढंच दुकान.

तिथे मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कुठल्याही शहरात उपयोगी पडेल.

पहिलं, दार उघडल्यावर मासळीची घाण येता कामा नये. व्हिनेगरचा हलका वास यावा. दुसरं, पहिल्यांदा जाताना दुपारी जा. ठरावीक ताट रात्रीपेक्षा स्वस्त असतं आणि हाताची पारख होते. तिसरं, महाग मासा मागवू नका, स्वस्त मागवा. ट्यूनाचा चरबीदार तुकडा पैसे मोजले की कोणीही आणतो. पण साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ, किंवा कोहादा, आपल्या तारलीच्या जातकुळीतला लहान मासा, यांना मीठ किती वेळ लावायचं आणि व्हिनेगरमध्ये किती वेळ ठेवायचं, तिथे कारागीर कळतो. चौथं, भात पाहा. तो अंगाइतका कोमट असावा, उचलताना सुटू नये आणि तोंडात गेल्यावर मोकळा व्हावा. आणि पाचवं, मालक "आज ते नाही" म्हणाला तर आनंद माना. ज्याच्याकडे बारा महिने सगळं मिळतं, तो समुद्राकडे बघत नाही.

कानाझावाला तर हे फारच खरं. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर आभाळ गडगडतं. त्या गडगडाटाला 'बुरी-ओकोशी' म्हणतात, म्हणजे बुरी माशाला जागं करणारी वीज. ती कडाडली की बुरी आली असं समजायचं. खेकड्याची मासेमारी ६ नोव्हेंबरला सुरू होते आणि लहान मादी खेकडा वर्ष संपायच्या आतच बंद होतो. आपल्याकडे जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, तसंच हे.

त्या दुकानात तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ताइशोने (तिथे मालक-कारागिराला असंच म्हणतात) मला साबा दिला. मी खाऊन म्हटलं, "याला काल रात्री मीठ लावलेलं नाही, आज सकाळी लावलंय." तो म्हणाला, "बरोबर. तुम्हाला कसं कळलं?" मी सवयीने उत्तर दिलं, "आमच्याकडे समुद्र आहे." तो म्हणाला, "समुद्र पुष्कळांकडे असतो."

तेव्हा मी सांगितलं, "माझी आई मासे विकायची."

मित्रहो, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही जपानी भाषेत.

तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक होतं. बहुतेकांना मी आठवीत सांगितलं होतं की आईचं किराणा दुकान आहे. ती सकाळी पाटी घेऊन शाळेच्या फाटकावरून जायची, तेव्हा मी वर्गात जाऊन बसायचो. माझ्या कपड्यांना वास येतो असं कोणी म्हणेल या भीतीने मी कायम खिडकीशेजारचा बाक धरला. माझ्या बाकावरच्या मित्राला सगळं माहीत होतं. त्याने दहावीपर्यंत अवाक्षर काढलं नाही. आज तो इथे आहे. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बाई दर बुधवारी तिच्याकडून मासे घ्यायच्या. वर्गात त्यांनी कधी त्याचा उल्लेख केला नाही. मला वाटायचं त्यांना माहीत नाही. त्यांनी माझी लाज झाकली होती, हे मला फार उशिरा कळलं.

ताइशोने पुढे एवढंच विचारलं, "विकून उरलेलं काय असायचं? घरी काय खायचात?" मी म्हटलं, "तारली. आणि मोठ्या माशांची डोकी." त्याने मान हलवली आणि पुढचा घास कोहादाचा ठेवला. त्या दिवसापासून तो मला पाटी दाखवत नाही. मी बसलो की विचारतो, "आज काय आलंय?" आणि तो सांगतो.

आई २०११ साली गेली. कानाझावा तिने पाहिलं नाही. मासा हातात घेऊन कल्ले बघायचे, डोळे बघायचे, बोटाने दाबायचं, हे मी तिच्याकडूनच शिकलो, आणि परक्या शहरात मला बसायला जागा मिळाली ती त्या शिक्षणावर. हे तिला सांगायचं राहून गेलं. म्हणून तुमच्यासमोर सांगितलं. तेव्हाच्या त्या खोट्याबद्दल तुम्ही मला क्षमा करावी.

उद्या पहाटे मी बंदरावर लिलावाला जाणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी साडेपाचला शाळेच्या फाटकाशी यावं. बाई, तुमच्यासाठी काय आणू ते आजच सांगून ठेवा. पाटी मी उचलीन.