खेळाची कच्ची वही

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त म्हैसूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या आठवणी सांगाव्यात, असा शिरस्ता आहे. मी मात्र आज संगणकावरील खेळांविषयी बोलणार आहे. विषय ऐकून पुढच्या रांगेतील काही भुवया उंचावलेल्या मला दिसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याही अशाच उंचावल्या असत्या. म्हणून आधी एक आठवण सांगते. पुढचे सारे तिच्यातूनच निघणार आहे.

आपल्याला गणिताच्या दोन वह्या असत, एक कच्ची आणि एक पक्की. कच्च्या वहीत कितीही खाडाखोड केली तरी गुरुजी रागावत नसत. पक्क्या वहीत मात्र पडताळा पाहिल्याखेरीज एक आकडाही उतरवायचा नसे. त्या कच्च्या वहीचे मोल मला लग्न होऊन म्हैसूरला आल्यावर, माझ्या मुलामुळे, पुन्हा कळले.

मुलगा आठवीत असताना त्याने नव्या संगणकाचा हट्ट धरला. आमच्या घरचा संगणक तेव्हाच दहा वर्षांचा झाला होता आणि त्याची स्मृती अवघी दोन जीबी होती. नवे खेळ त्यावर सुरूही होत नसत. नव्या यंत्राची किंमत ऐकून आम्ही नकार दिला. तेव्हा तो म्हणाला, "मग निदान जुन्या खेळात मॉड तरी घालू दे." मॉड म्हणजे काय, हे मी त्याच दिवशी प्रथम ऐकले.

कोणी तयार केलेल्या खेळात दुसऱ्या कोणी केलेला बदल म्हणजे मॉड. कधी केवळ खेळाडूंच्या पोशाखाचा रंग बदलतो, कधी नवे मैदान येते, तर कधी नियमच निराळे होतात. ही कल्पना नवी आहे असे मात्र समजू नका. आपण बसलो आहोत त्याच नगरीचे तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४–१८६८) हे पटावरील खेळांचे मोठे रसिक. त्यांच्या 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथातील 'कौतुकनिधी' हा भाग खेळांना वाहिलेला आहे. बुद्धिबळाचा घोडा प्रत्येक घरात एकदाच जाऊन सारा पट कसा फिरेल, या कोड्याच्या नव्या मांडण्या त्यांनी केल्या. जुन्या खेळांवरून नवे पट रचले. जगनमोहन राजवाड्याच्या भिंतींवर असे पट आजही रंगविलेले दिसतात. मिळालेला खेळ आहे तसाच न खेळता त्यात आपली भर घालावी, ही हौस आपल्याकडे राजवाड्यातही होती.

आमच्या घरी एक जुनी तबकडी होती, 'क्रिकेट ०७' या खेळाची. हा खेळ २००६ सालच्या अखेरीस निघाला. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. साहजिकच त्यात ना मुंबई होती, ना चेन्नई, ना बंगळूर. कंपनीने पुढे संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही. तेव्हा भारतातील आणि शेजारच्या देशांतील हौशी मुलांनीच ते काम अंगावर घेतले. दरवर्षीचे संघ, पोशाख, मैदाने, फलंदाजांचे चेहरे त्यांनी स्वतः तयार केले आणि एकमेकांना वाटले. कंपनीने सोडून दिलेला खेळ चाहत्यांनी वर्षानुवर्षे जिवंत ठेवला. माझ्या मुलाला त्यात जवागल श्रीनाथ हवा होता. आपल्या म्हैसूरचा हा गोलंदाज २००३ मध्येच निवृत्त झाल्यामुळे मूळ खेळात त्याला जागा नव्हती.

येथे आमची चूक झाली. मुलाने कोठूनतरी एक फाइल उतरविली. ती केवळ चित्रांची नव्हती. तो एक प्रोग्राम होता. तो चालविताच पडद्यावर जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरूच होईना. दुरुस्तीवाल्याने सारे पुसून यंत्र परत दिले. पुसले गेले त्यात माझ्या वडिलांची छायाचित्रे होती. आयुष्यातला अखेरचा दसरा त्यांनी आमच्याकडे केला होता, जंबूसवारी पाहिली होती. त्या छायाचित्रांची दुसरी प्रत घरात नव्हती.

मी मुलाला फार रागावले. रात्री मात्र मनात आले, की त्याच्या हाती आपण पक्कीच वही दिली होती. कच्ची दिलीच नव्हती. मग त्याने चुकावे तरी कोठे? त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जे शिकून घेतले, ते पालकांसाठी क्रमाने सांगते.

आरंभी घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क कपाटात ठेवावी. मग आपले यंत्र ओळखावे: स्मृती किती, मोकळी जागा किती, विंडोज बत्तीस बिटची की चौसष्ट बिटची. आतल्या पंख्यावरील धूळ झाडावी. जुन्या यंत्रात स्मृती वाढविता येत असेल, तर नव्या संगणकाच्या मानाने तो खर्च अल्प असतो. आम्ही दोनाची चार जीबी केली, तेवढ्याने बराच फरक पडला.

नंतर यंत्राच्या वयाचा खेळ निवडावा. खेळाच्या फोल्डरची प्रत काढावी आणि बदल करायचे ते प्रतीतच. ही झाली कच्ची वही. मॉड उतरविण्यापूर्वी सोबतचे टिपण वाचावे: तो खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे, कोणत्या फाइली बदलतो, पूर्ववत कसे करायचे. पोशाखाच्या मॉडमध्ये चित्रे असावीत. प्रोग्राम चालवा असे तो म्हणू लागला, तर मुलाने थांबून मोठ्यांना विचारावे. विषाणूरोधक बंद करा असे सांगणाऱ्याच्या वाटेलाच जाऊ नये. एका वेळी एकच मॉड घालावा आणि लगेच खेळ चालवून पाहावा. पाच एकदम घातले आणि खेळ बिघडला, तर दोष कोणाचा हे कळत नाही. मोठ्या, चकचकीत चित्रांच्या मोहात पडू नये, जुने यंत्र त्यांनी गुदमरते.

श्रीनाथ खेळात आला. मुलगा काही दिवस आनंदात होता, मग म्हणाला, "हा दुसऱ्याने केलेला आहे. मला स्वतः करायचा आहे." त्यासाठी आम्हांला 'लुआंती' सापडला. पेर्टू अहोला या फिनलंडच्या तरुणाने २०१० मध्ये सुरू केलेला, ठोकळ्यांचे जग उभारण्याचा हा उपक्रम पूर्वी 'माइनटेस्ट' या नावाने ओळखला जाई. तो विनामूल्य आहे, त्याची संहिता सर्वांस खुली आहे आणि साध्या यंत्रावर तो चालतो. त्यातील मॉड म्हणजे केवळ एक फोल्डर. आत सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ ठिपक्यांचे एखादे चित्र आणि 'लुआ' या भाषेतील काही ओळी. पहिल्या संध्याकाळी मुलाने एक वीट केली. दुसऱ्या दिवशी तिला उजेड दिला. त्या खेळात ठोकळ्याचा उजेड शून्यापासून चौदापर्यंत मोजतात. त्याने अर्थातच चौदा लिहिले. रविवारी संध्याकाळी उजळणारा आपला अंबाविलास राजवाडा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. त्या कमानींची ओळ त्याने त्या विटांनी उभारायला घेतली.

कमानी वाढल्या तसा खेळ अडखळू लागला. नवे यंत्र असते तर त्याला काहीच कळले नसते. येथे त्याला शोधावे लागले. खेळाडूला किती दूरवरचे दिसावे याची मर्यादा कमी केली, की यंत्रावरचा भार उतरतो, हे त्याने स्वतः शोधले. दूरचे धुक्यात गेले, जवळचे सुरळीत झाले. जुन्या यंत्राने त्याला काटकसर शिकविली.

जगात अशा खेळकर उद्योगांतून मोठी कामे उभी राहिली आहेत. १९९३ च्या 'डूम' या खेळात नकाशे आणि चित्रे मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलीत ठेवलेली होती, म्हणून हजारो हौशी मंडळींना आपापले नकाशे रचता आले. १९९९ मध्ये मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर 'काउंटर-स्ट्राइक' हा मॉड रचला; पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या कंपनीने तो आपलासा केला. आपले मूल तसेच होईल असे मी म्हणत नाही. मात्र ज्या मुलाने एकदा खेळाच्या आत डोकावले, ते त्या खेळाचे नुसते गिऱ्हाईक राहत नाही.

पथ्येही सांगितली पाहिजेत. खेळाची प्रत विकत घेतलेली किंवा खुलेपणाने दिलेली असावी. दुसऱ्याच्या मॉडमधील चित्र घ्यायचे तर त्याची अनुमती घ्यावी, त्याचे नाव लिहावे. बदललेला खेळ घेऊन ऑनलाइन स्पर्धेत उतरू नये, ती लबाडी ठरते. आणि संध्याकाळी दिवेलागणीला यंत्र बंद झाले पाहिजे, हा आमच्या घरचा नियम आहे. तो नेहमी पाळला जातो असे मात्र म्हणवत नाही.

आता माझी विनंती. शाळेच्या संगणककक्षासाठी नवी यंत्रे घेण्याकरिता निधी जमत आहे. माझा वाटा मी दिलाच आहे. जुनी यंत्रे मात्र सरसकट भंगारात घालू नका. त्यांतील चालती सहा-सात एका कोपऱ्यात मांडा. त्यांवर शाळेचे गुणपत्रक नको, कोणाचे खाजगी कागद नकोत. आठवड्यातून एक तास मुलांना ती उघडू द्या, बदलू द्या, बिघडवू द्या आणि पुन्हा उभी करू द्या. नवी यंत्रे ही शाळेची पक्की वही असेल; तिच्या शेजारी एक कच्चीही असू द्या.

शेवटी एकच सांगते. मुलाने आपला विटेचा मॉड मित्रांना दिला, तेव्हा सोबत एक टिपण लिहिले, वर कानडीत आणि खाली मराठीत. कोणत्या फाइली आहेत, कोठे ठेवायच्या, सारे नीट लिहिले होते. मी ते वाचावयास घेतले. त्याची पहिलीच ओळ होती: "आधी प्रत काढा. घरातल्या फोटोंचीसुद्धा."