खुला स्लॉट आणि आपली लिपी



नागरीविषयी बोलायला काशीसारखे दुसरे ठिकाण नाही. १८९३ मध्ये इथे नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली आणि तिच्या चळवळीनंतर १९०० मध्ये या प्रांतातल्या कचेऱ्यांत नागरीला प्रवेश मिळाला. पुढे ऐंशीएक वर्षांनी प्रश्न आला संगणकाचा. तिथे नागरी कशी पोचली, ते आज सांगतो.

१९७७ मध्ये अ‍ॅपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० हे तीन संगणक बाजारात आले. तिघांच्या तीन तऱ्हा. एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नसे. १९८१ मध्ये आयबीएमने पीसी आणला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी पाच स्लॉट होते आणि यंत्राचे सर्किट-नकाशे कंपनीने छापून विकले. मग कोणालाही त्या स्लॉटसाठी कार्ड बनवता येऊ लागले. कॉम्पॅकसारख्यांनी तर तसाच संगणक तयार केला. १९८७ मध्ये आयबीएमने ‘मायक्रो चॅनल’ हा परवान्याने बांधलेला नवा स्लॉट आणला, तेव्हा नऊ प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि जुनी कार्डेही चालतील असे ‘ईसा’ हे मानक त्यांनी पुढच्याच वर्षी जाहीर केले. मायक्रो चॅनल मागे पडला.

नागरीला वाट मिळाली ती याच खुल्या स्लॉटमधून. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र घडवले. पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्टचे कार्ड पीसीत बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. त्यामागचा विचार फार मोलाचा होता. संगणकात अक्षराची आकृती साठवायची नाही, वर्ण साठवायचा. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. जोडाक्षर घडवणे हे यंत्राचे काम. भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून संकेतही एकच. तोच मजकूर नागरीतून बंगालीत किंवा तमिळमध्ये दिसू शके. याच विचारावर उभे असलेले ‘इस्की’ हे संकेत-मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले. आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोड या संकेतातली नागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

दुर्दैवाने छपाईच्या जगात आपण उलट वागलो. फाँट विकणाऱ्या प्रत्येकाने आकृत्यांना आपापले क्रमांक दिले. त्यामुळे फाँट बदलला की मजकुराचा चिखल होतो. त्या काळातले कितीतरी मराठी लेखन आजही अशा फायलींत अडकलेले आहे.

मानक उघडे असेल, तर त्याच्या कर्त्याने कल्पनाही केली नसेल अशा लोकांच्या ते उपयोगी पडते. आयबीएमच्या स्लॉटने नागरीला जागा दिली, ती नागरीसाठी बनवली नसतानाही. म्हणून माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. आपल्या संस्थांचे जुने अहवाल, स्मरणिका, हस्तलिखितांच्या सूची युनिकोडमध्ये आणा. त्या जुन्या फाँटची माहिती असणारी माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम सोपे आहे.