बेवारस म्हणजे कुणाचं?

आज एकच शब्द: एस्चीट. मराठीत आपण ‘सरकारजमा’ म्हणतो. लॅटिन मुळात अर्थ ‘निसटून पडणं’. इंग्लंडच्या सरंजामशाहीत जमीनधारक वारसाविना मेला की जमीन सरदाराकडे परत जायची. ती ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्यांची लबाडी एवढी गाजली, की ‘चीट’ हा शब्द त्यातूनच निघाला! आपल्याकडे संविधानाचा अनुच्छेद २९६ अशी मालमत्ता सरकारकडे देतो.

पण मूलबाळ नाही म्हणजे बेवारस नव्हे. एका दोस्ताने विचारलं, ‘मामू बेऔलाद वारले, मागे माझ्याशिवाय कुणी नाही. घर सरकारचं?’ अरे, तूच वारस! हनफी कायद्यात आधी ठरलेले हिस्सेदार, मग असबा, तेही नसतील तर जविल अरहाम: बहिणीची मुलं, मुलीची मुलं. सरकारचा नंबर अगदी शेवटी.

आणि वसीयतीची एक तृतीयांश मर्यादा वारसांच्या हक्कासाठी आहे. वारसच नसेल तर सगळी मालमत्ता दवाखान्याला, वसतिगृहाला देता येते. सरकार आड येत नाही. तोंडी वसीयतही चालते, पण ती सिद्ध करणार कोण? मोहल्ल्यात असं एकटं कुणी असेल, तर बसून कागद करून द्या.