ॲव्हरेज कोण देतं?



काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीतल्या उपमांवर व्याख्यान झालं आणि आज विषय आहे डिझेलची पिकअप. लोक उठून जातील, असं मी संयोजकांना म्हटलं होतं. ते म्हणाले, रोज ज्या गाडीतून आलेला टोमॅटो खातात, तिच्यासाठी एक तास बसतील. तेव्हा कुणाला उठायचं असेल तर त्यांना विचारून उठावं.

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. आज माझा एक जुना विद्यार्थी ओतूरहून कॅरेट भरून तुर्भ्याच्या बाजारात आला होता. माल उतरवून तो थेट इकडे आलाय. मागच्या रांगेत बसलाय, गाडी सभागृहाबाहेर उभी आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण आज त्याच्याविषयी थोडं बोलायचं आहे.

शाळेत ॲव्हरेज म्हणजे सरासरी. टेम्पोवाल्याला ॲव्हरेज विचारा, तो ‘बारा’ म्हणेल. लिटरला बारा किलोमीटर. पण त्याचं क्रियापद ऐका. गाडी ॲव्हरेज ‘देते’. म्हैस दूध देते तशी. कमी दिलं की दोष म्हशीचा! माझं भांडण या एका क्रियापदाशी आहे.

गाडीने तिचं काम केलेलं आहे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गला आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा इंधनातली साधारण चौथाई ऊर्जा कामी आली. वाफेची इंजिनं तेव्हा जेमतेम दहावा हिस्सा द्यायची. आजची इंजिनं बरी चालली तर चाळीस टक्क्यांच्या आसपास जातात. बाकीची ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. ते तुमच्या-आमच्या हातात नाही. हातात आहे ते त्यापुढचं.

भाजी-फळांचे घाऊक बाजार १९९६ साली मुंबईतून इथे तुर्भ्याला आले आणि जुन्नरच्या शेतकऱ्याला माळशेज घाट उतरून, कल्याण-शिळफाट्याने तुर्भं गाठायची सवय लागली. मागच्या वर्षी मी या विद्यार्थ्याबरोबर त्याच वाटेने आलो. रात्रीचे दोन. घाट लागला आणि पठ्ठ्याने गिअरची दांडी न्यूट्रलला आणून सोडली. “सर, उताराला डिझेल कशाला जाळायचं?”

आता बघा. गाडी न्यूट्रलला असली की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला थेंब थेंब डिझेल द्यावंच लागतं. तेच गाडी गिअरमध्ये ठेवा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाकंच इंजिनाला फिरवतात. कॉमन रेलच्या गाडीतला कॉम्प्युटर हे ओळखतो आणि इंजेक्टर बंद करतो. खर्च शून्य. जुन्या ४०७ टेम्पोच्या पंपातला गव्हर्नरही हेच करायचा, त्याला फक्त कॉम्प्युटर म्हणत नव्हते.

मी त्याला तिसरा टाकायला लावला. इंजिन ओरडलं. तो म्हणाला, “सर, आवाज वाढला म्हणजे डिझेल वाढलंच की!” इथेच गोम आहे. ड्रायव्हर कानाने डिझेल मोजतो आणि उतारावर कान फसवतात. तो आवाज जळणाऱ्या डिझेलचा नसतो, तीन टन वजन इंजिनाला फिरवतंय त्याचा असतो. तेच इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, म्हणून ब्रेक कमी लागतो. त्याआधीच्या चार वळणांवर न्यूट्रलमध्ये येताना केबिनमध्ये लायनर जळाल्याचा वास भरला होता. काही महाभाग तर चावीच बंद करतात. मग बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकचं पॅडल दगड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर शिकवायचे. त्यांना कॉम्प्युटर माहीत नव्हता, घाट माहीत होता.

घाट संपला, रस्ता मोकळा झाला, काटा ऐंशीवर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीवर गेलात तर तो पावणेदोनपटीच्या वर जातो. आणि कमावलं काय? चाळीस किलोमीटरला दहा मिनिटं. ती घेऊन आम्ही बाजाराच्या गेटवर पोचलो आणि रांगेत एक तास उभे राहिलो, इंजिन चालू ठेवून! तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल तिथेच धूर होऊन गेलं. मी चावी फिरवली तर म्हणाला, पुन्हा स्टार्टर मारायला जास्त लागतं. लागत नाही हो. बॅटरी मात्र ठीक हवी.

परतीची गाडी रिकामी, म्हणून ॲव्हरेज वाढायला हवं. फारसं वाढत नाही. कारण रिकामी कॅरेट केबिनच्याही वर रचून दोरीने आवळलेली असतात आणि वर ताडपत्री फडफडते. वजन गेलं, भिंत आली. चार थर खाली घ्या, ताडपत्री ताणून बांधा. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. इतकं पुरे.

मालकांसाठी हिशेब सांगतो. वर्षाला तीस हजार किलोमीटर धरा. बाराने अडीच हजार लिटर लागतात. साडेतेराने सुमारे २,२२२. वाचले २७८ लिटर. नव्वदचा भाव धरला तर पंचवीस हजार. पण मोजायचं टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, काट्यावरून नाही.

आणि हे पंचवीस हजार कुणाचे? ड्रायव्हरला पैसे मिळतात खेपेवर. लवकर पोचला तर दुसरी खेप. डिझेल वाचलं तर मालकाचं वाचलं, वर ‘डिझेल काढतोस का’ हा संशय त्याच्याच वाट्याला. मग तो हळू का चालवेल? माझ्या ओळखीच्या एका मालकाने वाचलेल्या डिझेलचे अर्धे पैसे ड्रायव्हरला द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यात ड्रायव्हरच त्याच्या मागे लागला, एअर फिल्टर बदला म्हणून. मला वाटतं, म्हशीचं कोडं तिथे सुटतं.

ॲव्हरेज वाढतं असं सांगून विकलेलं, डिझेलच्या पाइपला लावायचं लोहचुंबकही मिळतं. घेऊ नका. डिझेल काही लोखंड नाही.

शेवटी एक बिनपैशाची तपासणी. लांबून आलात की उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लगेच टेकवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय आणि तुम्ही दिवसभर ब्रेक दाबून गाडी चालवताय. आत येण्याआधी मी बाहेरच्या पिकअपला असा हात लावून आलो. मागचं डावं. त्याला अजून सांगितलेलं नाही.